दुखऱ्या सांध्यावर कोणाचा हात ठेवू द्यावा?

उसण भरली की अजूनही कितीतरी गावांत पायाळू माणसाची शोधाशोध सुरू होते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असा जुना समज. पाय लावून घेतलेल्या बहुतेकांना चार-आठ दिवसांत बरे वाटतेही. पण साधी उसण कोणी पाय लावो न लावो, चार-आठ दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतेच. शहरात ही जागा आता इतरांनी घेतली आहे. मान कटकन वळवून दाखवणाऱ्या कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ रोज मोबाइलवर येतात. सोसायटीत घरोघरी जाणारा मालीशवाला असतो, कोपऱ्यावर स्पा आणि पंचकर्म केंद्र असते, शेजारी फिजिओथेरपीचे क्लिनिक असते आणि सलूनमध्ये दाढी झाली की न विचारता मानेला झटका देणारा कारागीरही असतो.

यांपैकी कोणत्या दुखण्यासाठी कोणाकडे जावे, काय विचारावे आणि कधी मुळीच जाऊ नये, एवढाच या लेखाचा विषय. सुरुवातीलाच सार सांगतो. दुसऱ्याच्या हाताने मिळणारा आराम खरा असतो, पण तो थोडा काळ टिकतो; काही तास, फार तर काही दिवस. तेवढ्या वेळात आखडलेला सांधा हलवला, चालणे वाढवले, स्नायूंना काम दिले तर आराम मुरतो. नुसते पडून राहिलात, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच टेबलावर पालथे झोपायची वेळ येते.

आधी धोक्याच्या खुणा तपासा

कंबर, मान किंवा गुडघा दुखू लागला की त्यामागे बहुतेक वेळा काही गंभीर नसते. पण जेव्हा असते, तेव्हा मालीश आणि झटके यांत गेलेला वेळ महागात पडतो. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळे.

• लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे. कंबरदुखीबरोबर हे घडले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. मणक्यातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही खूण असू शकते आणि तिथे तासांना किंमत असते.

• पायाचा पंजा उचलता न येणे, चप्पल पायातून निसटणे, हातातून वस्तू पडणे, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणे.

• ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे आणि कोणत्याही कुशीवर न थांबणारे दुखणे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. त्याची सुरुवात पुष्कळदा अशाच चिवट पाठदुखीने होते.

• पूर्वी कर्करोग झालेला असणे, बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असणे, किंवा हाडे ठिसूळ झालेल्या वयात पडणे-आपटणे. अशा माणसाचा मणका साध्या ठेचेनेही पिचू शकतो.

• सांधा लाल, गरम आणि सुजलेला असणे.

आणखी एक खूण तरुणांसाठी. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्धा तास किंवा त्याहून जास्त ताठरलेली राहते, हिंडल्या-फिरल्यावर सुटते आणि विश्रांतीने उलट वाढते, असे महिनोन्‌महिने चालले असेल तर ते सांध्यांच्या सुजेचे दुखणे असू शकते. त्याने मालीशवाला बदलत बसण्यापेक्षा संधिवाततज्ज्ञाला दाखवावे.

‘मणक्यात गॅप’ आणि घाबरवणारे फोटो

आपल्याकडे निम्मे दुखणे एमआरआयच्या कागदातून सुरू होते. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘नस दबली आहे’, ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे कोणी म्हटले की माणूस वाकायलाही घाबरतो. पण गादी झिजणे किंवा थोडी फुगणे हे पुष्कळदा केस पिकण्याच्याच वर्गातले असते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांत गादीची झीज दिसली. म्हणजे फोटोत झीज दिसली तरी दुखणे तिच्यामुळेच आहे असे होत नाही.

याचा व्यवहारात उपयोग असा: तुमचा एक्स-रे उजेडासमोर धरून ‘हा मणका हललाय, तो मी बसवतो’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. मणका असा सहज जागचा हलत नाही आणि खरोखरच हलला असेल तर त्याला झटका देणे हा उपाय नव्हे.

कायरोप्रॅक्टिक: काय घ्यावे, काय सोडावे

मणक्यांना हाताने झटका देण्याची ही पद्धत अमेरिकेतली. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली ती सुरू केली. पामर त्याआधी चुंबकीय उपचार करीत. हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका आपण बसवला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. कानाची नस कवटीतून थेट मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध नाही; पण या दाव्यावरून ‘बहुतेक सगळ्या रोगांचे मूळ जागचे हललेल्या मणक्यांत असते’ असा सिद्धांत उभा राहिला. पुराव्याच्या कसोटीवर तो टिकला नाही. म्हणून दमा, रक्तदाब, मधुमेह, पाळी, तान्ह्या बाळाचे रडणे अशा कशासाठीही मणके बसवून घेण्यात अर्थ नाही. लहान मुलांच्या मणक्यांना तर कोणालाही झटका देऊ देऊ नये.

सिद्धांत बाजूला ठेवला तरी हाताची करामत उरते आणि कंबरदुखीपुरता तिचा थोडाफार फायदा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली ताज्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी शेक, मालीश, अ‍ॅक्युपंक्चर किंवा मणक्यांवरचे हाताचे उपचार करून पाहावेत, असे सुचवले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली अट घातली की असे उपचार व्यायामाच्या जोडीनेच घ्यावेत, सुटे नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत माहिती देणे, व्यायाम, मणक्यांवरचे हाताचे उपचार आणि मालीश यांना जागा आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून ओढ देणे (आपण ज्याला ‘ट्रॅक्शन’ म्हणतो ते) मात्र नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असे म्हटले आहे. कपाटात पडलेल्या पट्ट्याकडे या नजरेने एकदा पाहायला हरकत नाही.

आता त्या ‘कट्ट’ आवाजाविषयी, कारण व्हिडिओंची सगळी भिस्त त्यावरच असते. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये थोडे द्रव असते. सांधा झटकन ताणला की त्यातला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोटे मोडताना एमआरआयने हे प्रत्यक्ष टिपले गेले. आवाज मोठा म्हणून फायदा मोठा, असे काही नाही. आवाज न होताही आराम पडतो. झटक्यानंतर आवळलेले स्नायू काही वेळ सैल होतात, दुखण्याची जाणीव मंदावते आणि वाकायची भीती कमी होते. इतकाच त्याचा करिष्मा.

झटक्यानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे, थकवा येणे हे बऱ्याच जणांना होते आणि आपोआप जाते. पण ठिसूळ हाडे, संधिवात (विशेषतः आमवात), मणक्याची शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे, पाय-हातातली ताकद कमी होणे यांपैकी काही असेल तर झटक्याचे उपचार वर्ज्य समजा. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी हाडांच्या ठिसूळपणाचा प्रश्न आधी डॉक्टरांना विचारून घ्यावा.

मानेचा मामला वेगळा

कंबर आणि मान यांना एकाच मापाने मोजू नका. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्याने वळली तर क्वचित या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. हे फार थोड्यांना होते, हे खरे. धमनीला चीर आधीच पडलेली असते, तिच्यामुळेच मान दुखते आणि माणूस मान दुखते म्हणून उपचाराला जातो, असेही घडते. पण होते ते तरुण, धडधाकट माणसांनाही आणि नुकसान भरून न येणारे असते. मानदुखीवर हळुवार हालचाली आणि व्यायाम हे सौम्य पर्याय हाताशी असताना हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

म्हणून कोणाकडेही गेलात तरी टेबलावर झोपण्यापूर्वी स्पष्ट सांगा: ‘मानेला झटका नको.’ चांगला उपचारक हे मुकाट ऐकतो आणि दुसरी पद्धत वापरतो. सलूनच्या खुर्चीतही हेच. डोक्याला तेल चोळून झाल्यावर कारागिराचा एक हात हनुवटीखाली आणि दुसरा डोक्यामागे आला की काय होणार हे आपल्याला ठाऊक असते. त्या क्षणी ‘मान राहू द्या, दादा’ म्हणायला संकोच करू नये.

मानेचा झटका किंवा मालीश यांनंतर पूर्वी कधी न झालेले तीव्र मान-डोके दुखणे, गरगरणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, तोल जाणे किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काही झाले तर झोपून बघू म्हणू नका. ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा.

मालीश: कशाला लागू, कशाला नाही

मालीश आपल्याला नवे नाही. दिवाळीचे अभ्यंग, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई, कोल्हापूरच्या तालमीत मेहनत झाल्यावर एकमेकांचे अंग रगडणारे पैलवान, बाटल्यांचे स्टँड किणकिणवत चौपाटीवर फिरणारा तेल-मालीशवाला, हे सगळे आपल्या ओळखीचे. त्यामुळे मालीशचा फायदा आपल्याला पटवून द्यावा लागत नाही. त्याच्या मर्यादा मात्र सांगाव्या लागतात.

मालीश चांगले लागू पडते ते स्नायूंच्या दुखण्याला. दिवसभर खुर्चीत बसून आवळलेले खांदे, दुचाकीवरच्या प्रवासाने धरलेली पाठ, जास्त व्यायाम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येणाऱ्या मांड्या. अशा जागी हात फिरला की ताण सैल होतो, झोप चांगली लागते. जुनाट कंबरदुखीतही थोड्या दिवसांचा आराम मिळतो. गुडघ्याच्या झिजेत चित्र संमिश्र आहे. आठवड्यातून एकदा तासभर मालीश घेतलेल्यांना आठ आठवड्यांत आराम पडल्याचे अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले. पण तिथल्याच संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सगळा पुरावा तोलून गुडघ्यासाठी मालीशपेक्षा व्यायाम आणि वजन घटवणे यांनाच ठाम पसंती दिली. मालीशने झिजलेली कुर्चा भरून येत नाही आणि तेल कातडीतून सांध्यात ‘वंगण’ म्हणून उतरत नाही. तेलाचे काम हात घसरता ठेवण्याचे. म्हणून तिळाचे, खोबरेल, महानारायण, जे घरात असेल आणि अंगाला मानवेल ते चालेल. महागड्या बाटलीसाठी जीव टाकू नये.

मालीश कधी करू नये, हे पाठच करून ठेवा.

• एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते. विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा अंथरुणावर पडून राहणे झाल्यानंतर. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. अशी पोटरी कोणालाही चोळू देऊ नका.

• अंगात ताप, कातडीवर गळू, जखम, नागीण, पुरळ असताना.

• फुगलेल्या, गाठी झालेल्या शिरांवर, तसेच जिथे गाठ आहे आणि तिचे निदान झालेले नाही अशा जागी.

• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना जोरदार रगडणे. साध्या दाबानेही आत रक्त साकळते.

• गर्भारपणात पोटावर आणि अनोळखी हाताने मुळीच नाही. कंबर-पाय हलक्या हाताने चोळायचे असतील तर डॉक्टरांना विचारून.

पाय मुरगळला की तो लगेच गरम तेलाने जोरात चोळून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. ती मोडायला हवी. पहिले दोन-तीन दिवस मुरगळलेल्या जागी मालीश नको. सूज आणि आतला रक्तस्राव वाढतो. त्याऐवजी फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा पंधरा मिनिटे शेक, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच. घोट्याच्या हाडावर बोटाने दाबल्यावर कळ येत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढून हाड मोडलेले नाही ना, ते पाहावे. मोडलेल्या घोट्याला चोळून कोणाचे भले झालेले नाही.

घरच्या घरी गुडघ्याला मालीश

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना मालीश करून द्यायचे असेल तर ही पद्धत सोपी आणि बिनधोक. त्यांना पलंगावर पाठ टेकून बसवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला आणि निवांत राहील. चमचाभर तेलाची वाटी गरम पाण्यात दोन मिनिटे ठेवा. गॅसवर तेल तापवू नका, आणि आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहा. मधुमेहाने ज्यांच्या पायाला बधिरपणा आला आहे त्यांना चटका कळत नाही, म्हणून ही खात्री आपणच करायची.

सुरुवात मांडीपासून करा. गुडघा दुखतो असे सांगणाऱ्यांच्या मांडीचे पुढचे स्नायूच बरेचदा दोरखंडासारखे ताठलेले असतात. दोन्ही तळवे गुडघ्याच्या वर ठेवून जांघेच्या दिशेने संथपणे वर न्या, तसेच दहा-बारा वेळा. मग अंगठा आणि बोटे यांत मांडीचा स्नायू धरून तीन-चार मिनिटे मळा. आता गुडघ्याच्या वाटीकडे या. वाटीवर थेट दाब द्यायचा नाही. अंगठ्याच्या पेराने तिच्या कडेकडेने लहान लहान गोल फिरवा. आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेवर, बहुतेकांना दुखरा ठिपका सापडतो. तिथे जास्त रेंगाळू नका, हलका हात ठेवा. गुडघ्यामागची खोलगट जागा सोडून द्या, तिथे रक्तवाहिन्या आणि नसा वरच्या वर असतात. शेवटी पोटरीवर घोट्याकडून वर हलके हात फिरवा.

दाब किती? चोळताना ‘हं, तिथेच’ म्हणावेसे वाटले पाहिजे. श्वास रोखला गेला, कपाळाला आठी आली, पाय मागे ओढला गेला की दाब जास्त झाला. ‘सहन केले तरच गुण येतो’ हा गैरसमज आहे. दुसऱ्या दिवशी काळानिळा डाग उठला तर मालीश चुकले.

दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आणि इथे थांबू नका. त्यांच्या तळपायांना लागलेले तेल आधी पुसून घ्या, कारण तेलकट पायाने मोरीत घसरणे हा मालीशनंतर सहज घडणारा अपघात. मग त्यांना लगेच खुर्चीवर बसवून पाय सावकाश सरळ करायला सांगा. पाच मोजेपर्यंत धरायचा आणि खाली, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मालीशने मोकळा झालेला गुडघा या वेळी सर्वांत कमी कुरकुरतो.

कोणाकडे जावे, काय विचारावे

अमेरिकेत सर्व राज्यांत कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय ही पदवी लावता येत नाही. ऑस्ट्रेलियातही नोंदणी सक्तीची आहे. तिकडे राहणाऱ्या किंवा मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी मंडळींनी जायचे असल्यास आधी सरकारी नोंदवहीत नाव पाहावे आणि आपला विमा काय देतो ते विचारावे. पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात जुनी दुखणी बहुधा धरलेली नसतात.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी अशी स्वतंत्र कायदेशीर नोंदणी नाही. परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला आणि दोन दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावलेला, दोघांच्या पाटीवर एकच शब्द असू शकतो. फिजिओथेरपीचे तसे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या रुग्णांच्या निमित्ताने तिचे शिक्षण सुरू झाले. आज महाराष्ट्रात तिची राज्य परिषद आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही या व्यवसायाचा समावेश आहे. हाताने सांधे मोकळे करण्याच्या पद्धती फिजिओथेरपिस्टही शिकलेले असतात आणि व्यायाम शिकवणे हे त्यांचे मूळ काम. म्हणून आपल्याकडे हाताच्या उपचारांसाठी पहिला दरवाजा नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टचा ठोठावावा, असे मी सुचवेन.

पहिल्या भेटीतच माणसाची पारख होते. चांगला उपचारक लगेच टेबलाकडे बोट दाखवत नाही. तो आधी बसवून विचारतो: कधीपासून, कशाने वाढते, रात्री कसे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी काय झाले होते. मग उभे करून वाकायला लावतो, झोपवून सरळ पाय वर उचलून पाहतो, गुडघ्याखाली हातोडी मारून पाहतो, अंगठ्याची ताकद तपासतो, पायाला स्पर्श समजतो का ते पाहतो. काय करणार आहे ते सांगतो, परवानगी विचारतो आणि ‘हे तुमच्यात करता येणार नाही’ असेही म्हणू शकतो. तुम्ही त्याला एवढे विचारा:

• तुमचे शिक्षण कोठले आणि नोंदणी क्रमांक कोणता?

• मला काय झाले आहे असे तुम्हाला वाटते?

• किती वेळा यावे लागेल आणि फरक पडला नाही तर कधी थांबायचे?

• यातला धोका काय?

• घरी मी काय करायचे?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती जागा तुमची नव्हे. साध्या कंबरदुखीत चार ते सहा वेळांत फरक दिसायला हवा. पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस बैठकींचे पॅकेज, त्यावर सवलत, आगाऊ पैसे आणि ‘नाहीतर मणका कायमचा जाईल’ अशी भीती घातली की पाकीट खिशातच ठेवा. हाडवैद्यांबाबतही तोच नियम. काहींच्या हाताला पिढीजात कसब असते, पण एक्स-रेशिवाय मोड ओळखण्याचा दावा करणाऱ्याच्या हाती सुजलेला हात-पाय देऊ नये. उपचाराबरोबर ‘वाताच्या पुड्या’ मिळत असतील तर त्या घेऊ नका. अशा निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. पहिल्या दिवशी जादू आणि पुढे साखर, रक्तदाब, हाडे यांचे नुकसान, असा तो सौदा असतो.

स्त्रियांनी आणि मुलींच्या पालकांनी एवढे आणखी पाहावे: स्त्री उपचारक मागण्याचा, सोबत घरचे माणूस खोलीत बसवण्याचा आणि उपचार कोणत्याही क्षणी थांबवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कमरेच्या उपचारासाठी सगळे कपडे उतरवावे लागत नाहीत.

मिळालेला आराम टिकवा

कंबर धरली की पडून राहणे एक-दोन दिवसांपुरते ठीक. त्यापुढे ते दुखणे लांबवते. शेक घ्या. गरम पाण्याची पिशवी पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे. आई-आजीची मिठाची पुरचुंडी किंवा निर्गुडीच्या पाल्याचा शेकही चालेल, त्यातली ऊब कामाची. शेक झाल्यावर घरातल्या घरात दहा मिनिटे चाला. दोन-तीन दिवसांनी रस्त्यावर.

कमरेसाठी दोन व्यायाम पुरेसे: गुडघ्यांवर आणि तळव्यांवर ओणवे होऊन पाठ मांजरासारखी वर-खाली करणे, आणि उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर सावकाश उचलणे. गुडघ्यासाठी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन ती दाबणे आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे. मानेसाठी हनुवटी मागे, गळ्याकडे, सरळ रेषेत ओढून पाच मोजणे. प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढले तर संख्या निम्मी करा, बंद करू नका.

गुडघेदुखीवाल्यांसाठी वजनाचा हिशेब बोलका आहे. शरीराचे एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. कोणत्याही मालीशला हे जमत नाही.

चार आठवड्यांनी हिशेब मांडा

उपचार सुरू करताना कॅलेंडरवर आजच्या तारखेला तीन गोष्टी लिहा: न थांबता किती मिनिटे चालता येते, रात्री किती वेळा जाग येते आणि न जमणारे एक नेमके काम, उदाहरणार्थ खाली बसून उठणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, बसची पायरी चढणे. चार आठवड्यांनी याच तीन गोष्टी पुन्हा लिहा. दोन तरी सुधारल्या असतील तर उपचार कमी करत न्या आणि व्यायाम चालू ठेवा. एकही सुधारली नसेल तर पुढची वेळ रद्द करा आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘अजून दहा बैठकी घ्या’ हा सल्ला त्यानंतर कोणी दिला तरी घेऊ नका.